कुंदगोळ, परळ आणि एक कडू मूळ

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ वाटेत सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या एका आडस्टेशनावर उतरले. छातीत कळ येत होती. शिष्यांनी फलाटावरच अंथरूण घातलं. खाँसाहेबांनी नमाज पढला, दरबारी कानड्यात आळवणी केली आणि तिथंच ते गेले. किराणा घराण्यावर जीव टाकणाऱ्या प्रत्येकाला ही हकीगत पाठ असते, आणि ती सांगताना आवाज आपोआप खाली येतो. देह मिरजेला आणला गेला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात कबर झाली.

गवयाला असं सुरात मरण आलं की त्याच्या कारणाकडे कुणी पाहत नाही. साठी उलटलेला माणूस, सततचा प्रवास, छातीत कळ आणि काही वेळात शेवट. कुठल्याही डॉक्टरला यापुढं फारसं विचारावं लागणार नाही. अर्थात त्या फलाटावर खुद्द हृदयरोगतज्ज्ञ उभा असता, तरी मॉर्फिनचं इंजेक्शन आणि सक्तीची विश्रांती याखेरीज त्याच्यापाशी देण्याजोगं काही नव्हतं.

योगायोग असा, की आदल्याच दिवशी देशातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाचा रक्तदाब मोजला गेला होता. गांधीजींच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ चा आकडा १९४/१३० असा आहे. फेब्रुवारी १९४० मध्ये तो २२०/११० होता. आज घरातल्या कुणाचा असा आकडा आला तर आपण चपला घालायच्या आत रिक्षा बोलावू. तेव्हा उपाय होते ते मौन, विश्रांती, बेताचा आहार आणि डोक्यावर मातीची पट्टी. यात गांधीजींचा निसर्गोपचाराचा हट्ट होता हे खरं, पण पाश्चात्त्य वैद्यकाकडे तरी दुसरं काय होतं?

उलट तिकडच्या मोठ्या डॉक्टरांचा एक पक्ष म्हणत होता, की दाबाला हातच लावू नये. म्हातारपणी रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांतून रक्त पुढं रेटायचं तर हृदयाला जोर लावावाच लागणार. म्हणजे वाढलेला दाब ही शरीराची गरजच, असा हिशेब. लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी तर १९३१ मध्ये असं मत मांडलं होतं, की रक्तदाबाचा खरा धोका तो सापडण्यात आहे, कारण सापडला की कुणीतरी मूर्ख तो उतरवायला जाणारच. विज्ञानाच्या इतिहासात अशी विधानं पुष्कळ सापडतात आणि ती करणारे बहुधा हुशार असतात.

या समजुतीची किंमत काय, ते १२ एप्रिल १९४५ ला जगाला दिसलं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं हृदय कमी पडू लागल्याचं निदान वर्षभर आधीच झालं होतं. त्यांना डिजिटालिस दिलं होतं, मीठ कमी केलं होतं. त्या दिवशी दुपारी डोकं दुखतंय म्हणाले, शुद्ध गेली, रक्तदाब ३००/१९० भरला आणि मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले. युद्ध जिंकत आलेल्या देशाच्या प्रमुखाचीही ही स्थिती होती.

आता हुबळीकडे येऊ.

हुबळीहून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ. सभोवार काळी जमीन, कापूस, ज्वारी, मिरची. त्या काळी हा तालुका जमखंडीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होता, त्यामुळं कानडी मुलखात असूनही मराठी इथं परकी नव्हती. याच गावचे रामभाऊ कुंदगोळकर. जन्म १९ जानेवारी १८८६. अब्दुल करीम खाँसाहेबांचे पट्टशिष्य. मराठी रंगभूमीवर त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, सुभद्रेच्या पदांना टाळ्या घेतल्या आणि दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं. नाटकाचा संसार आवरून ते गावी परतले, तेव्हा हुबळीहून गंगूबाई हनगल आगगाडीनं शिकायला येऊ लागल्या. गदगचा एक पोरगा, भीमसेन, आधीच गुरुघरी पाणी भरत होता. नाडिगेरांच्या वाड्यात बैठकी व्हायच्या. किराण्याची पुढची पन्नास-साठ वर्षं त्या छोट्याशा गावात तयार होत होती.

आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी रामभाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. पंचावन्नच्या आसपासचं वय. गवयाला अर्धांगवायू म्हणजे काय, हे गाणाऱ्यालाच नीट कळेल. हातपाय तर जातातच, पण जीभ, ओठ, टाळू, श्वासाचा पट्टा, ज्यांवर चाळीस वर्षं मेहनत घेतली ते सगळंच परकं होऊन बसतं. सूर डोक्यात शाबूत असतो, तो बाहेर आणणारं अवजार मात्र हुकमात राहत नाही. जानेवारी १९४६ मध्ये पुण्यात त्यांची साठी साजरी झाली. त्या समारंभात तरुण भीमसेन गायले आणि एका रात्रीत त्यांचं नाव झालं. आपण तो दिवस भीमसेनांचा म्हणून लक्षात ठेवतो. ज्यांच्यासाठी समारंभ होता, त्यांची मैफल तोवर संपलेली होती, हे सहसा कुणी बोलत नाही.

रामभाऊंचं निदान आज ऐंशी वर्षांनी आपण करू नये. पण अर्धांगवायूचं सगळ्यांत मोठं कारण वाढलेला रक्तदाब हे आहे, आणि त्या काळी धारवाड जिल्ह्यात ज्या घरी असा झटका येई तिथं पुढं काय होई, ते सांगता येतं. वैद्य तेलं देत, मालीश सुरू होई. कुणीतरी पारव्याच्या रक्ताचा सल्ला देई. तो आजही देणारे आहेत. ऐपत असली तर रेल्वेनं मिरजेला, वानलेस साहेबाच्या मिशन दवाखान्यात. हुबळीत वैद्यकीय कॉलेज व्हायला १९५७ साल उजाडायचं होतं. दम लागून पाय सुजलेला म्हातारा आला, म्हणजे ज्याचं हृदय थकलंय असा, तर डॉक्टर डिजिटालिसची पानं किंवा पाऱ्याचं इंजेक्शन देत आणि फारच पाणी साचलं तर पायाच्या कातडीत बारीक नळ्या खुपसून ते थेंब थेंब काढत. झटका येण्याआधी, हृदय थकण्याआधी काही करता येतं, ही कल्पनाच रुजली नव्हती.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास, औषध घराजवळच होतं. हुबळी-धारवाडहून पश्चिमेला कलघटगी-अळणावरच्या पुढं गेलं की काळी माती संपते, सह्याद्रीची रानं लागतात. तीच पुढं उत्तर कानडा, बेळगाव आणि गोव्यात पसरतात. त्या पट्ट्यात सावलीच्या ओलसर जागी एक लहानसं झुडूप वाढतं. उंची गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. पानं तीन-चारच्या घेरात. पांढऱ्या-गुलाबी फुलांचे तांबडे देठ, पिकल्यावर काळपट जांभळी फळं. महत्त्व मुळाला. ते बोटाएवढं जाड, वाकडंतिकडं, वरून मळकट आणि सुरकुतलेलं. मोडलं तर आत फिकट पिवळसर. वास म्हणावा असा काही नाही, पण जिभेवर ठेवलं तर असा कडूपणा की तो पाण्यानं जात नाही. ही सर्पगंधा.

नावात साप आहे म्हणून तिची ख्याती सापाच्या विषावरचा उतारा अशी. साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात राहून गेलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात सापावरच्या लाकडांची, मुंगूस लढाईआधी खातो त्या मुळाची कथा आहे, आणि जाणकार त्यातलं एक लाकूड सर्पगंधेचं मानतात. वनस्पतीचं शास्त्रीय नाव रौवोल्फिया पडलं ते लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन डॉक्टरावरून, ज्यानं हे झुडूप जन्मात पाहिलेलं नव्हतं. बिहारच्या बाजारात मात्र ते ‘पागल की दवा’ म्हणून विकलं जाई. माणूस फार उसळला की मूळ उगाळून पाजायचं, तो शांत झोपतो.

झोप आणणारं मूळ दाबही उतरवतं, हे पहिल्यांदा छापून सांगितलं ते कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, १९३१ साली. लिव्हरपूलचे प्राध्यापक दाबाला हात लावू नका म्हणत होते तेच हे वर्ष. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमाँ सिद्दीकी यांनी मुळातून अल्कलॉइडं वेगळी काढली आणि एकाला आपले आश्रयदाते हकीम अजमल खाँ यांचं नाव दिलं. मग कर्नल चोप्रांनी कलकत्त्यात प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ मध्ये देहरादूनच्या हिमालया कंपनीनं ‘सर्पिना’ नावाची गोळी बाजारात आणली. म्हणजे रामभाऊंना झटका आला तेव्हा रक्तदाबाची गोळी देशात विकली जात होती!

मग अडलं कुठं? मला वाटतं, पट्ट्यावर अडलं. रीवा-रोची या इटालियन डॉक्टरनं १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधून दाब मोजायची युक्ती काढली. १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यानं त्याला कान जोडला. पट्टा फुगवून नाडी पूर्ण दाबायची, मग हवा हळूहळू सोडायची आणि कोपराच्या लवणीत स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचं. आधी शांतता. मग एकदम टक् असा पहिला ठोका. पारा जिथं असेल तो वरचा आकडा. ठोके चालू राहतात, जाडसर होतात, पुसट होतात आणि ज्या क्षणी विरतात तो खालचा आकडा. काम दोन मिनिटांचं. पण या दोन मिनिटांसाठी आधी यंत्र पाहिजे, डॉक्टर पाहिजे आणि मुख्य म्हणजे धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या दंडाला तो पट्टा बांधायचं कारण पाहिजे. वाढलेला दाब दुखत नाही. तालुक्याच्या गावी डॉक्टर नाडी बघे, जीभ बघे, छाती ऐके. पारा बघायची रोजची चाल नव्हती. ज्या गावात शंभर हात दुरून कणसुराची जागा कळणारे कान होते, तिथं हे ठोके कुणी ऐकले नाहीत.

मोजमापाचं काम शेवटी केलं ते मुंबई बेटावर, परळच्या केईएम हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका पारशी डॉक्टरनं. रुस्तम जाल वकील, जन्म मुंबईचा, १९११ चा. लंडनच्या सेंट थॉमसमध्ये शिकून १९३८ मध्ये परतले. वैद्यांच्या औषधाला नाक मुरडायची त्या पिढीतल्या विलायती डॉक्टरांना सवय होती, वकिलांना ती नसावी. मूळ काम करतं असं इतके जण म्हणतात, तर ते आकड्यांत दिसलं पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह. त्यांनी रक्तदाबाचे पन्नास रुग्ण निवडले, मुळाच्या गोळ्या दिल्या, चार आठवड्यांनी काय झालं ते नोंदलं. बहुतेकांचा वरचाही आकडा उतरला आणि खालचाही. १९४९ मध्ये हा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. सहा पानांचा लेख. पण त्यानंतर सर्पगंधा ही खेड्यातली जडीबुटी राहिली नाही.

बोस्टनमधल्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला आणि औषध मागवून आपल्या रुग्णांना दिलं. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी मुळातलं मुख्य द्रव्य शुद्ध रूपात काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. नसांच्या टोकांना नॉरॲड्रेनलिनचा जो साठा असतो तो हे द्रव्य हळूहळू रिता करतं, त्यामुळं रक्तवाहिन्यांचा आवळ सुटतो आणि नाडीही संथ होते. परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि औषध थांबवलं तरी तो काही काळ टिकतो. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. मुंबईच्या चौकाचौकांत पुतळे आहेत, पण रुस्तम वकील हे नाव आज मुंबईकरालाही सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

रेसर्पिन सापडलं त्याच वर्षी, १२ सप्टेंबर १९५२ ला, रामभाऊ कुंदगोळकर पुण्यात वारले.

पुढची कहाणी सरळ चढती नाही. मागणी इतकी वाढली की रानं ओरबाडली गेली. मुळासाठी अख्खं झुडूप उपटावं लागतं, फांदी तोडून भागत नाही. कच्च्या मुळांच्या निर्यातीवर सरकारला १९५० च्या दशकातच बंधन घालावं लागलं, आणि आज आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवायच्या वनस्पतींच्या यादीत सर्पगंधा आहे. औषधाचेही दोष दिसू लागले. नाक चोंदणं, पोट बिघडणं हे किरकोळ. पण जास्त मात्रेत काही जणांना गाढ उदासी घेरी. १९७४ मध्ये स्तनांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याची हाकाटी झाली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण तोवर डॉक्टरांचं मन उडालं होतं आणि नव्या, सोसायला सोप्या गोळ्या आल्या होत्या.

जाण्यापूर्वी या मुळानं एक मोठं काम करून ठेवलं. दाब उतरवल्यानं माणूस वाचतो का, हा प्रश्न १९६० च्या दशकापर्यंत उघडाच होता. आकडा उतरला, ठीक. पण त्यानं झटका टळतो का? अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांत एडवर्ड फ्राइस यांनी हे तपासलं. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. त्यातल्या ७३ जणांना तीन औषधांचा मेळ दिला, त्यातलं एक रेसर्पिन. ७० जणांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. १९६७ मध्ये निकाल लागला: बिनऔषधाच्या गटात २७ गंभीर दुखणी, औषधाच्या गटात २. तीन वर्षांनी कमी दाबाच्या ३८० जणांचे आकडे आले. अर्धांगवायूचे झटके २० विरुद्ध ५. हृदय निकामी होऊन अंगावर पाणी चढलेले ११ विरुद्ध शून्य.

त्या शून्यापाशी जरा थांबायला हवं. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाची डावी भिंत जाड होत जाते, मग ताठर होते आणि शेवटी थकते. माणसाला जिन्यात दम लागतो, रात्री दोन उशा घ्याव्या लागतात, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो. घरचे म्हणतात, वय झालं. यातलं पुष्कळसं वयानं नव्हे तर दाबानं होतं, आणि ते टाळता येतं, हे पहिल्यांदा सिद्ध झालं त्या गोळ्यांत आपल्या रानातल्या मुळाचा अर्क होता. नवा पुरावा आला तो परदेशी इस्पितळांतून हे खरं, पण त्याचा धागा परळमधून गेलेला आहे.

गंगूबाई हनगल २१ जुलै २००९ ला हुबळीत गेल्या, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षी. आजोबागुरू साठीनंतर फलाटावर, गुरू पन्नाशीनंतर अंथरुणाला, आणि नात मात्र नव्वदीपार. यातलं श्रेय औषधांचं किती आणि त्यांच्या काटक प्रकृतीचं किती, हा वाद मी घालणार नाही. पण आता हुबळी-धारवाडात, पुण्या-मुंबईत, ऐंशी ओलांडलेली माणसं घरोघरी आहेत, आणि म्हातारपण लांबलं की थकलेल्या हृदयांची संख्याही वाढते.

गोळ्या आज पैशाच्या हिशेबानं क्षुल्लक झाल्या आहेत; सरकारी आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के लोकांचा दाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. उरलेल्या अडचणीचं स्वरूप बदललेलं नाही. दुखत नाही म्हणून मोजत नाही. वर जेवणाच्या ताटात लोणचं, पापड, चटणीपूड. आमच्याकडे भाकरीबरोबर तोंडी लावायला मिठाच्या या तिन्ही वस्तू एकदम लागतात.

सवाई गंधर्वांच्या नावानं कुंदगोळला आणि पुण्याला दरवर्षी संगीत महोत्सव भरतात. श्रोत्यांत साठीपुढची माणसं भरपूर असतात. दोन्हीकडच्या संयोजकांना एक विनंती आहे: प्रवेशद्वारापाशी, सीडी-पुस्तकांच्या टेबलाशेजारी, रक्तदाब मोजायचं एक टेबल मांडा. वैद्यकीय कॉलेजची मुलं आनंदानं येतील. आणि श्रोत्यांनो, मध्यंतरात चहाच्या रांगेत जाण्यापूर्वी दंडाची बाही वर करा.